कॉमाद्रे डेटाबेस आणि 'रेज' पॅकेज: जगण्याचा आलेख काढण्याआधी काय तपासावं

हजार पिल्लं जन्मली, तर वर्षाअखेर किती उरतात, पाचव्या वर्षी किती, विसाव्या वर्षी किती? या साध्या प्रश्नाचं उत्तर मांडणाऱ्या तक्त्याला जीवनसारणी म्हणतात. तक्ता साधा असला तरी तो भरणं महाकठीण. प्राण्यांना खुणा करायच्या आणि दरवर्षी त्याच जागी जाऊन कोण दिसलं, कोण नाही याची नोंद ठेवायची. हे काम प्राण्याच्या आयुष्याइतकं लांबतं. सस्तन, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर मिळून ज्ञात प्रजाती ३२,१४४. त्यांपैकी जन्म आणि मृत्यू या दोन्हींचे दर नीट माहीत असलेल्या प्रजाती फक्त १.३ टक्के, असं दालिया कोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली मोजून दाखवलं. अशा दुष्काळात जगभर विखुरलेले अभ्यास एका साच्यात बसवून फुकट देणारा कॉमाद्रे हा डेटाबेस म्हणजे मोठाच आधार आहे. त्यावर हिशेब करणारं, आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतलं 'रेज' हे पॅकेजही तितकंच चांगलं आहे. मात्र दोन्ही एकत्र वापरताना काही ठिकाणी पाय घसरतो, आणि घसरलेला लवकर कळत नाही. या परीक्षणाचा बराचसा भाग त्या जागांवर खर्च केला आहे.

कॉमाद्रे हे कॉम्पाद्रेचं भावंड. कॉम्पाद्रेत वनस्पती, कॉमाद्रेत प्राणी. रोबेर्तो साल्गेरो-गोमेस, ओवेन जोन्स आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांचा डेटाबेस २०१६ साली प्रसिद्ध केला तेव्हा पहिल्या आवृत्तीत ४०२ अभ्यासांतून घेतलेल्या ३४५ प्रजाती आणि १,६२५ मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, होत्या. पुढच्या आवृत्त्यांत भर पडत गेली. डेटा उघडायला 'आर-कॉम्पाद्रे' आणि जगण्या-मरण्याची गणितं करायला 'रेज' अशी दोन पॅकेजेस २०२२ साली एका लेखातून एकत्र मांडली गेली. दोन्ही क्रॅनवर, म्हणजे आर पॅकेजेसच्या भांडारात, आहेत आणि एका ओळीच्या आज्ञेत बसतात. साधा लॅपटॉप पुरतो.

आत काय मिळतं? प्रत्येक नोंदीत एक लोकसंख्या मॅट्रिक्स असते आणि तिचे तीन तुकडे केलेले असतात. 'यू' तुकड्यात जगणं आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात जाणं, 'एफ' मध्ये प्रजनन, 'सी' मध्ये प्रवाळासारख्यांची तुकडे पडून होणारी वाढ. तिन्हींची बेरीज म्हणजे मूळ मॅट्रिक्स 'ए'. जगण्याच्या आलेखाशी आपला संबंध 'यू'पुरता. 'यू'चा एक रकाना म्हणजे एक टप्पा. रकान्याची बेरीज म्हणजे त्या टप्प्यातल्या प्राण्याची पुढच्या गणनेपर्यंत जिवंत राहण्याची शक्यता. ही बेरीज १ च्या वर गेली तर कुठेतरी चूक आहे हे उघड, कारण शंभरातले एकशे पाच जगत नाहीत. टंकनात घोळ होतो, किंवा प्रवाळांच्या बाबतीत तुकडे पडून झालेली वाढ चुकून 'यू'मध्ये शिरते. आर-कॉम्पाद्रेत अशा नोंदींवर खूण करणारी आज्ञा आहे. ती बेरीज तपासते, रिकाम्या जागा शोधते, प्रजननाचा तुकडा पूर्ण शून्य आहे का ते पाहते, आणि 'यू' गणितात अडकणारी आहे का हेही सांगते. शेवटच्या टप्प्यातलं जगणं नेमकं १ भरलं असेल तर प्राणी कागदावर अमर होतो आणि अपेक्षित आयुष्याचं गणित कोसळतं. खुणा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

त्यानंतरची चाळणी हाताने लावायची. नैसर्गिक परिस्थितीतल्या नोंदी हव्यात तर बंदिवासातल्या वगळा. त्यासाठी वेगळा रकाना आहे. प्रयोगासाठी अन्न वाढवलेल्या किंवा शिकार केलेल्या गटांच्या मॅट्रिक्स बाजूला काढा. एकाच अभ्यासातल्या दरवर्षीच्या मॅट्रिक्स आणि त्यांची सरासरी या दोन्ही डेटाबेसमध्ये असतात. त्या मिसळल्या तर एकच अभ्यास अनेकदा मोजला जातो. ज्या नोंदींचे तुकडे पाडता आले नाहीत त्या जगण्याच्या हिशेबाला निरुपयोगी, कारण त्यांत प्रजनन आणि जगणं एकाच आकड्यात मिसळलेलं आहे. गणनेचं अंतरही पाहा. कुठे एक वर्ष असतं, कुठे काही महिने, कुठे पाच वर्षं. ०.८ हा आकडा वर्षाचा असेल तर एक अर्थ आणि पाच वर्षांचा असेल तर अगदी वेगळा: पाच वर्षांच्या ०.८ ला वर्षाचं करायचं तर पाचवं मूळ काढावं लागतं, ते येतं ०.९५६.

इथपर्यंतची कामं दस्तऐवजात नीट सांगितली आहेत. खरा धोका पुढे आहे.

एडवर्ड डीव्हीने १९४७ साली नैसर्गिक प्राण्यांच्या जीवनसारण्या एकत्र मांडल्या. आजही अभ्यासक्रमात शिकवले जाणारे तीन नमुने त्याच धाटणीचे. पहिल्या नमुन्यात बहुतेक जण म्हातारपणापर्यंत जगतात, दुसऱ्यात प्रत्येक वयात धोका सारखाच, तिसऱ्यात जन्मल्याबरोबर प्रचंड मरतुक आणि वाचलेले मात्र दीर्घायुषी. डीव्हीचं गाजलेलं उदाहरण अलास्कातल्या डॉल मेंढ्यांचं. अॅडॉल्फ म्युरीने तिथे ६०८ कवट्या गोळा केल्या आणि शिंगांच्या वलयांवरून वय काढलं. हजारातली ८०१ मेंढरं पहिलं वर्ष पार करतात, असा आकडा त्यातून निघाला. पण कोकरांची कवटी कोवळी. लांडगा ती चावून टाकतो, उरलेली लवकर कुजते. म्हणजे पहिल्या वर्षाची मरतुक सारणीत दिसते त्याहून जास्त असणार, हे त्या सारणीवर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

कॉमाद्रेत हीच खोट वेगळ्या वाटेने येते. अनेक पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या मॅट्रिक्स विणीच्या हंगामाच्या जरा आधी केलेल्या गणनेवर उभ्या असतात. त्या क्षणी सर्वांत लहान प्राणी साधारण एक वर्षाचा असतो. जन्मापासून त्या वयापर्यंतचं जगणं प्रजननाच्या आकड्यात, म्हणजे 'एफ'मध्ये, गुणून टाकलेलं असतं. लोकसंख्या वाढते की घटते हे काढायला ही मांडणी अचूक आहे. पण रेजला 'यू' दिली आणि पहिल्या टप्प्यापासून आलेख मागितला, तर तो जन्मापासूनचा नसून वर्षाच्या पिल्लापासूनचा येतो. घरट्यातली आणि उडायला शिकतानाची सगळी मरतुक गायब. तिसऱ्या नमुन्याचा पक्षी दुसऱ्या नमुन्याचा वाटू लागतो. पॅकेज इशारा देत नाही, देऊही शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने 'यू' पूर्ण आहे. उपाय एकच: मूळ लेख उघडून गणना कधी केली ते पाहायचं, पहिल्या वर्षाचं जगणं तिथे वेगळं दिलं असेल तर तो टप्पा 'यू'च्या वर जोडायचा, नसेल तर आलेखाच्या आडव्या अक्षावर 'वय १ पासून' असं स्पष्ट लिहायचं.

उलट बाजूची चूकही आढळते. विणीनंतर लगेच गणना केली असेल तर 'एफ'मध्ये आईबापांचं वर्षभराचं जगणं गुणावं लागतं. ते विसरलं जातं. ब्रूस केंडल आणि सहकाऱ्यांनी आधी छापल्या गेलेल्या मॅट्रिक्स तपासून २०१९ साली लेख लिहिला; प्रजननाच्या आकड्यात जगणं धरायला विसरणं, प्रौढ होण्यात एक वर्षाचा उगाच उशीर घालणं आणि टप्प्याच्या कालावधीचं गणित चुकवणं, या चुका वारंवार सापडल्या. डेटाबेस छापलेलं जसंच्या तसं नोंदवतो, मूळ लेखातली चूक सुधारत नाही. हे धोरण योग्यच आहे. तपासणीची जबाबदारी मात्र त्यामुळे आपल्यावर येते.

आता टप्प्यांच्या कालावधीचा प्रश्न. रेजचं बळ आणि मर्यादा दोन्ही इथे कळतात, म्हणून जरा थांबू. यासाठी उत्तम नमुना म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेड समुद्री कासवाचं, क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी १९८७ साली छापलेलं मॅट्रिक्स. ते हाताने भरायला पाच मिनिटं लागतात आणि पॅकेजची परीक्षा घ्यायला त्याहून चांगलं काही नाही. त्यात सात टप्पे आहेत. अंडी आणि नवजात पिल्लं, जगणं ०.६७४७. लहान पिल्लं, वय १ ते ७, दरवर्षी ०.७८५७. मोठी पिल्लं, वय ८ ते १५, ०.६७५८. अर्धप्रौढ, १६ ते २१, ०.७४२५. त्यानंतर २२, २३ आणि २४ ते ५४ वर्षांच्या माद्यांचे तीन टप्पे, सगळ्यांचं ०.८०९१. प्रजननाचे आकडे शेवटच्या तीन टप्प्यांत १२७, ४ आणि ८०.

वर्षागणिक जगणं 'पी' आणि टप्प्याची वर्षं 'डी' धरली, तर टप्पा ओलांडून पुढे जाण्याची वार्षिक शक्यता अशी काढतात: पी चा डी घात गुणिले (१ वजा पी), भागिले (१ वजा पी चा डी घात). मोठ्या पिल्लांसाठी ०.६७५८ चा आठवा घात ०.०४३५, सूत्रात घातलं की ०.०१४७ येतं, छापलेल्या मॅट्रिक्समध्ये तेवढंच आहे. त्याच टप्प्यात जिवंत राहण्याची शक्यता ०.६६१०. स्वतःचं मॅट्रिक्स बांधणाऱ्याने हे एक गणित कागदावर करून पाहावं. बऱ्याच चुका इथेच पकडल्या जातात.

हे 'यू' रेजला दिलं की अंड्यातून पहिल्या विणीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ०.०००९ मिळतं. म्हणजे साधारण अकराशेत एक. वयानुसार सरळ गुणाकार केला तरीही तेच येतं. इथे पॅकेज चोख. 'यू'वरून काढलेल्या मूलभूत मॅट्रिक्समध्ये प्रत्येक टप्प्यात सरासरी किती वर्षं जातात ते असतं; तिच्या पहिल्या रकान्याची बेरीज, म्हणजे अंड्याचं अपेक्षित आयुष्य, ३.९६ वर्षं. हेही बरोबर.

पण वेळापत्रक पाहा. मॅट्रिक्सला फक्त टप्पा आठवतो, त्या टप्प्यात किती वर्षं काढली ते आठवत नाही. त्यामुळे गणितातलं एखादं पिल्लू दरवर्षी एक टप्पा चढत चौथ्या वर्षीच अंडी घालू लागतं, जे प्रत्यक्षात बावीस वर्षं लागल्याशिवाय होत नाही. आलेखावर याचा परिणाम दिसतो. सोळाव्या वर्षी जिवंत असलेल्यांचं प्रमाण वयानुसार गुणाकाराने ०.००५४ येतं, मॅट्रिक्समधून साधारण ०.०११, जवळपास दुप्पट. आठव्या वर्षी उलट, मॅट्रिक्सचा आकडा थोडा कमी. एकूण हिशेब जुळतो, वयाची मांडणी चुकते. म्हणून टप्प्यांच्या मॅट्रिक्समधून काढलेला आलेख 'वयानुसार जगणं' म्हणून छापताना हात आखडता घ्यावा. टप्प्यांचे कालावधी माहीत असतील तर प्रत्येक टप्पा वर्षावर्षाने उलगडून ५५ रकान्यांचं (वय ० ते ५४) मॅट्रिक्स बनवा आणि मग रेजला द्या. आरमध्ये हे दहा-बारा ओळींचं काम आहे आणि ते टाळू नये.

दुसरी अडचण याच कासवावर उघडी पडते. मॅट्रिक्समधून जीवनसारणी काढणारी रेजची आज्ञा, जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण एका मर्यादेखाली गेलं की थांबते. काही सांगितलं नाही तर ही मर्यादा ०.०१ असते. सस्तन प्राण्याला चालते. कासवात मात्र हे प्रमाण मूळ मॅट्रिक्समधून सतराव्या वर्षी आणि उलगडलेल्या मॅट्रिक्समधून पंधराव्या वर्षीच ०.०१ च्या खाली जातं. म्हणजे बावीस वर्षांची मादी सारणीत येण्याआधीच सारणी संपते, आणि प्रजननाचा रकाना मिळतो तो अपुरा. मासे, कासवं, प्रवाळ, शिंपले, म्हणजे तिसऱ्या नमुन्यातले सगळे या कात्रीत सापडतात. मर्यादा ०.००००१ किंवा त्याहून खाली नेली की काम होतं. मूळ मर्यादा इतकी वर ठेवणं ही आमच्या मते या पॅकेजची सर्वांत मोठी गैरसोय. दस्तऐवजात ती लिहिलेली आहे, पण आज्ञा चालवणाऱ्याच्या नजरेत येत नाही.

मर्यादा खाली नेली की नवाच प्रश्न उभा राहतो. मॅट्रिक्सचं शेवटचं कोपऱ्यातलं घर स्वतःकडेच परत येतं, त्यामुळे प्रौढ कासव तिथे ठराविक दराने मरत राहतं, म्हातारं होत नाही. शेपटीत धोका सपाट होतो आणि 'या प्रजातीत वार्धक्य नाही' असा भास होतो. तो सपाटपणा गणिताच्या साच्यातून आलेला असतो. एकाच वेळी जन्मलेल्या गटातल्या उरलेल्यांची टप्पेनिहाय रचना स्थिर गुणोत्तराजवळ कोणत्या वयात पोचते ते सांगणारी आज्ञा रेजमध्ये आहे. त्या वयापलीकडचा आलेख कापून टाकावा, वार्धक्याबद्दल काही म्हणायचं असेल तर नक्कीच. ही सोय दिल्याबद्दल लेखकांचं मनापासून कौतुक.

तीन नमुन्यांत प्रजाती बसवायला बरेच जण कीफिट्झ एन्ट्रॉपी, म्हणजे जगण्याच्या आलेखाचा आकार एका आकड्यात सांगणारं माप, वापरतात: १ पेक्षा कमी म्हणजे पहिला नमुना, १ म्हणजे दुसरा, जास्त म्हणजे तिसरा. रेज ती एका ओळीत देतं. अडचण अशी की हा नियम अखंड वेळेसाठी आहे आणि आपली सारणी वर्षांच्या पायऱ्यांची. दरवर्षी बरोबर निम्मे मरतात असा प्राणी घ्या. धोका प्रत्येक वयात सारखा, म्हणजे उत्तर १ यायला हवं. साध्या बेरजेने येतं ०.६९. दरवर्षी ९० टक्के जगत असतील तर ०.९५. म्हणजे अल्पायुषी प्राणी उगाचच पहिल्या नमुन्याकडे सरकतात, आणि उंदीर आणि हत्ती एका आलेखावर ठेवले की फरकाचा काही भाग निव्वळ पायरीच्या लांबीचा असतो. समलंब पद्धतीचा (दोन पायऱ्यांमधला भाग सरळ रेषेने भरणारा) पर्याय चालू केला तर निम्मे मरणाऱ्यासाठी ०.९२ मिळतं; बरंच सुधारतं. हा पर्याय आधीपासून चालू असायला हवा होता. अल्पायुषी प्रजातींसाठी महिन्यांची मॅट्रिक्स मिळाली तर तीच घ्यावी.

डेटाबेसच्या उणिवाही सांगायला हव्यात. सस्तन प्राणी आणि पक्षी भरपूर, कीटक अगदी थोडे, उष्ण कटिबंध विरळ, भारतातले अभ्यास बोटावर मोजण्याइतके. आकड्यांसोबत प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप, सहसा नसते; ०.८ हा आकडा तीनशे प्राण्यांवरून आला की तीसवरून, ते मूळ लेखातच पाहावं लागतं. स्वतःकडे खुणा केलेल्या प्राण्यांच्या नोंदी असतील तर मॅट्रिक्सचा फेरा न घेता 'बास्टा' हे २०१२ सालचं पॅकेज घ्यावं. ते जन्मवर्ष किंवा मृत्यूवर्ष माहीत नसलेले प्राणीही हिशेबात धरतं, गोम्पर्ट्झ, वायबुल अशा मृत्युवक्रांची तुलना करतं, आणि अनिश्चिततेची पट्टीही देतं. तेच 'रेज'ला जमत नाही. नुसतं कमाल वय हवं असेल तर प्राण्यांच्या वयांचा 'एनएज' हा डेटाबेस पुरेसा आहे. पण कमाल वय हा एका भाग्यवान प्राण्याचा आकडा. त्यावरून लोकसंख्येच्या जगण्याबद्दल फार काही कळत नाही.

या साधनांचा खरा उपयोग निर्णय घेताना दिसतो, आणि पुन्हा ते कासवच समोर येतं. मूळ मॅट्रिक्सचा वाढीचा दर ०.९४५, म्हणजे संख्या दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी घटते आहे. निव्वळ पुनरुत्पादन दर, म्हणजे एका अंड्यामागे पुढच्या पिढीत सरासरी किती अंडी, ०.३७; संख्या टिकायला तो किमान १ हवा. प्रत्येक अंडं वाचवलं, पहिल्या टप्प्याचं जगणं थेट १ केलं, तरी हा दर ०.५४ वर अडकतो. मोठ्या पिल्लांचं जगणं ०.६७५८ वरून ०.७७ केलं की तो १.०४ होतो आणि घट थांबते. मोठी पिल्लं कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत बुडून मरत होती. कासवाला बाहेर पडायची वाट देणाऱ्या जाळीच्या बाजूने या विश्लेषणाने बळ दिलं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी जपून पिल्लं समुद्रात सोडणाऱ्या कासवमित्रांचं काम मोलाचं आहे, आणि समुद्रात गेलेल्या पिल्लाचं पुढचं जगणं किती हा प्रश्न त्या कामाला पूरक आहे. मात्र लॉगरहेडचे आकडे रिडलेला लावू नयेत. प्रौढ होण्याचं वय, अंड्यांची संख्या, विणीतलं अंतर, सगळं वेगळं आहे. मॅट्रिक्सची मांडणी उसनी घ्यावी, आकडे आपल्या किनाऱ्यावर मोजलेले हवेत.

काम सुरू करताना डेटाबेसची फाइल एकदा उतरवून आवृत्ती क्रमांकासह जपून ठेवा. दरवेळी नव्याने ओढली तर मधल्या काळात नोंदी बदलतात आणि जुना आलेख पुन्हा तसाच निघत नाही. लेख छापताना नुसता डेटाबेसचा उल्लेख करून थांबू नका. प्रत्येक मॅट्रिक्सच्या नोंदीत मूळ अभ्यासाचे लेखक आणि वर्ष दिलेलं असतं. ते संदर्भसूचीत घ्यावं. तो एक आकडा मिळवायला कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच कड्यावर जाऊन कड्या घातलेले पक्षी मोजलेले असतात.